आयुष्यभराच्या वॉरंटीसाठी जास्त पैसे मोजावेत का?

प्रश्न: मी गेली सहा वर्षे एक साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) माउंटन बाइक चालवतो आहे. आता प्रथमच पुढे-मागे सस्पेन्शन असलेली, कार्बन फ्रेमची, चांगली महाग सायकल घ्यायचे ठरवले असून निवड दोन सायकलींवर येऊन थांबली आहे. पहिलीच्या फ्रेमला कंपनी आयुष्यभराची वॉरंटी देते, दुसरीला पाच वर्षांची. दुसरी बरीच स्वस्त आहे आणि तिचे ब्रेक व सस्पेन्शनही वरच्या दर्जाचे आहेत. मात्र ती कंपनी थेट ग्राहकाला विकते, मध्ये दुकान नाही. माझे वजन ९४ किलो आहे आणि मी उड्या मारतो, ड्रॉपही घेतो, म्हणजे उंच कड्यावरून थेट खाली उतरतो. एक मित्र म्हणतो, वॉरंटी ही निव्वळ जाहिरात असते. दुसरा म्हणतो, आयुष्यभराची वॉरंटी नसेल तर एवढे पैसे घालूच नकोस. शिवाय पहिलीच सायकल, पण दोन वर्षे वापरलेली, विकत मिळते आहे. मी काय करावे?

उत्तर: आधी निर्णय सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. केवळ वॉरंटी आयुष्यभराची आहे एवढ्याच कारणासाठी पहिल्या सायकलीला बरीच जास्त रक्कम मोजू नका. वॉरंटी जरूर पाहा, तिचा मजकूर विकत घेण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचा, पण तिच्यातील वर्षांचा आकडा सर्वांत शेवटी विचारात घ्या. फरक थोडकाच असता तर मी उलट सल्ला दिला असता. पण तुम्ही ‘बरीच स्वस्त’ असे लिहिले आहे आणि त्या बचतीत चांगले ब्रेकही मिळत आहेत, ज्यांचा उपयोग तुम्हाला प्रत्येक उतारावर होणार आहे.

फ्रेमची वॉरंटी नेमके काय देते, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर फ्रेम दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे ते आश्वासन असते. अपघात, गैरवापर, चुकीची जोडणी, निगा न राखणे आणि नेहमीची झीज या गोष्टी जवळपास प्रत्येक कंपनीच्या मजकुरात वगळलेल्या आढळतात. फ्रेम बदलून मिळाली तरी जुन्या फ्रेमवरचे भाग उतरवून नव्या फ्रेमवर चढवण्याची मजुरी आणि पाठवण्याचा खर्च बहुतेक वेळा ग्राहकाकडेच राहतो. ‘आयुष्यभर’ याचा अर्थही सहसा पहिल्या मालकाकडे ती सायकल असेपर्यंत एवढाच असतो. काही कंपन्या धातूचा थकवा (वारंवार भार पडून हळूहळू येणारा कमकुवतपणा) हा झिजेचाच एक प्रकार मानतात आणि तसे स्पष्ट लिहितात. ते एक वाक्य असेल, तर दहाव्या वर्षी पडलेल्या तड्यासाठी आयुष्यभराच्या वॉरंटीचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज तुम्हीच बांधू शकाल.

वर्षांच्या आकड्याला मी कमी महत्त्व का देतो, हे समजण्यासाठी फ्रेम कशी निकामी होते ते पाहावे लागेल. बनावटीतील दोष म्हणजे वेल्डिंग पुरेसे खोल न जाणे, कार्बनच्या थरांमध्ये सुरकुती किंवा पोकळी राहणे, बेअरिंगची बैठक वाकडी होणे, चिकटवलेला धातूचा भाग सुटणे. असे दोष बहुधा फार काळ दबून राहत नाहीत, कारण ज्या जागी दोष असतो त्याच जागी प्रत्येक दणक्याचा ताण एकवटतो, आणि नियमित व जोरात चालवणाऱ्या माणसाच्या सायकलीवर ते पहिल्या काही हंगामांतच उघडे पडण्याची शक्यता अधिक असते. तुम्ही तर तसेच चालवणारे आहात. पाच वर्षांनंतर फ्रेम गेली, तर त्यामागे साचत गेलेला थकवा किंवा कधीतरी बसलेला मार असण्याची शक्यता वाढते, आणि नेमक्या याच दोन कारणांवर दावे अडतात.

अॅल्युमिनियमला, पोलादाला असते तशी, ‘इतक्या ताणाच्या खाली कितीही वेळा भार दिला तरी तुटणार नाही’ अशी ठाम सीमा नसते. लहान लहान भारांचीही मोजदाद त्याच्या आत चालूच राहते. कार्बन फायबर थकव्याला चांगले तोंड देते, पण त्याला टोकदार मार सोसत नाही. डाउन ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, एखादा दगड उडून आदळला तर बाहेर फक्त रंगाचा टवका उडालेला दिसतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. अशा फ्रेमचा दावा कंपनीकडे गेला की तपासणारा माणूस सर्वांत आधी माराची खूण शोधतो, आणि ती सापडली की दोष बनावटीचा होता हे पटवून देणे ग्राहकाला फार जड जाते. तुमची फ्रेम कार्बनची असल्याने ही बाब मी मुद्दाम सांगतो आहे. डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला आणि चेनस्टेला (पेडलांपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) जाड संरक्षक पट्टी पहिल्याच दिवशी लावा. तिचा उपयोग कोणत्याही वॉरंटीपेक्षा अधिक वेळा होईल.

सरसकट सगळ्या वॉरंट्या जाहिरात असतात, हे तुमच्या पहिल्या मित्राचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. काही वर्षांपूर्वी मी माझी अॅल्युमिनियमची सायकल धूत असताना मागच्या चेनस्टेवर, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा आस बसतो त्या जागेच्या) मागे चारएक बोटांवर, केसाएवढी एक काळी रेघ दिसली. आधी ती मातीची वाटली. फडक्याने पुसली तरी जाईना, म्हणून नख फिरवले, तर नख अडकले. रंगावरचा ओरखडा आणि धातूतला तडा यांतला फरक नखाला लगेच कळतो. रेघ वेल्डिंगच्या कडेने निघून नळीच्या पोटाकडे वळली होती. मी शेजारी एक नाणे धरून तीन बाजूंनी फोटो काढले, बॉटम ब्रॅकेटखालचा सिरियल नंबर टिपला आणि पावतीसह दुकानाकडे दिले. कंपनीने तीनच गोष्टी विचारल्या: फोर्कचा ट्रॅव्हल (दबण्याची लांबी) मूळचाच आहे का, मागचा शॉक बदलला आहे का, आणि सायकल कधी पडली होती का. दावा मान्य झाला. मागचा त्रिकोण, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा भाग, नवा आला, पण तो सात आठवड्यांनी आला, त्याचा रंग वेगळा होता, त्यात बेअरिंग नव्हती आणि बसवण्याची मजुरी मी भरली. तरीही मी समाधानी होतो, कारण नवा त्रिकोण विकत घ्यावा लागला असता तर मी ती सायकल मोडीतच काढली असती. तो दावा तिसऱ्या वर्षातला होता. वॉरंटी पाच वर्षांची असती तरी निकाल हाच लागला असता.

त्या सात आठवड्यांनी मला जे शिकवले, त्यावरून मी आज वॉरंटीत सर्वप्रथम पाहतो ती गोष्ट म्हणजे मागच्या त्रिकोणाचा आणि सांध्यांचा उल्लेख. फुल सस्पेन्शन सायकलीत फ्रेम हा एकसंध तुकडा नसतो. पुढचा त्रिकोण, मागचा त्रिकोण, त्यांना जोडणारी लिंक, पिव्हटचे (फिरत्या सांध्यांचे) बोल्ट आणि बेअरिंग असे तिचे भाग असतात, आणि काही कंपन्या मुख्य फ्रेमला आयुष्यभराची वॉरंटी देऊन मागच्या भागाला थोड्याच वर्षांची देतात. बेअरिंग ही बहुतेक ठिकाणी झीज म्हणूनच गणली जातात. याला ठळक अपवाद सांता क्रूझचा आहे. ती कंपनी पहिल्या मालकाला फ्रेमची आयुष्यभराची वॉरंटी तर देतेच, पण पिव्हटची बेअरिंगही आयुष्यभर बदलून देते. चिखलात चालवणाऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे आश्वासन पहिल्याहून अधिक वेळा उपयोगी पडते. थेट विकणाऱ्यांपैकी कॅनियनची फ्रेमवरची हमी सहा वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या दुसऱ्या सायकलीची पाच वर्षांची मुदत काही वावगी नाही.

वापराची मर्यादा हा यानंतरचा मुद्दा, आणि तुमच्या बाबतीत मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकल कोणत्या वापरासाठी बनवली आहे हे सांगणारे वर्गीकरण एएसटीएम एफ२०४३ या मानकात दिलेले आहे आणि अनेक कंपन्या त्या वर्गाचा आकडा माहितीपुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या छोट्या स्टिकरवर छापतात. तिसऱ्या वर्गात खडबडीत वाटा आणि सुमारे ६१ सेंटिमीटरपर्यंतचे ड्रॉप येतात, चौथ्यात ही उंची १२२ सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि पाचव्यात डाउनहिल व बाइक पार्कमधला जोरकस वापर येतो. दोन दिसायला सारख्या ट्रेल सायकलींपैकी एक तिसऱ्या वर्गातली आणि दुसरी चौथ्यातली असू शकते. तुम्ही मीटरभर उंचीचे ड्रॉप नेहमी घेत असाल, तर तिसऱ्या वर्गातल्या फ्रेमवरची आयुष्यभराची वॉरंटी ही चौथ्या वर्गातल्या फ्रेमवरच्या पाच वर्षांच्या वॉरंटीपेक्षा तुमच्यासाठी कमी मोलाची आहे, कारण पहिलीत तुमचा रोजचा वापरच गैरवापर ठरू शकतो.

वजनाचेही तसेच आहे. कंपन्या स्वार, सायकल आणि सामान यांच्या एकत्रित वजनाला मर्यादा घालतात. ती कुठे १२० किलो असते, कुठे १३६. तुमचे ९४ किलो, सायकलीचे १५ आणि पाणी, हत्यारे, हेल्मेट, पॅड यांचे पाचएक धरले तर बेरीज ११४ होते. १२० च्या मर्यादेत तुम्ही बसता, पण फारसे अंतर उरत नाही. पुष्कळ लोक ही मर्यादा फक्त स्वाराच्या वजनाची समजतात, म्हणून हा हिशोब सविस्तर मांडला. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माउंटन बाइकच्या फ्रेमला पेडलांवर १,२०० न्यूटन, म्हणजे साधारण १२२ किलो वजनाइतका भार आलटून पालटून देत १,००,००० आवर्तने सोसावी लागतात. ही किमान अट आहे. उडी मारून सपाट जमिनीवर उतरताना फ्रेमवर येणारा क्षणिक भार याहून कितीतरी मोठा असतो, आणि म्हणूनच चांगल्या कंपन्या मानकाच्या पुढे जाऊन स्वतःच्या कसोट्या घेतात.

दावा नाकारला जाण्याची बाकीची कारणे बहुतेक आपल्याच हातातली असतात. मूळ फोर्कपेक्षा जास्त ट्रॅव्हलचा फोर्क बसवला की हेड ट्यूबवरचा (फोर्क बसतो त्या नळीवरचा) जोर वाढतो आणि अनेक कंपन्या तेवढ्यावर वॉरंटी रद्द करतात. सीटपोस्ट किमान खुणेच्या वर काढून चालवल्यास सीट ट्यूब वरच्या टोकाला फाटते, आणि तो तडा पाहणाऱ्याला कारण लगेच कळते. कार्बनची नळी दुरुस्तीच्या स्टँडमध्ये थेट आवळणे, टॉर्क रेंचशिवाय बोल्ट पिळणे, फ्रेम परस्पर रंगवून घेणे किंवा बाहेर दुरुस्त करणे यांनीही दावा कमजोर होतो. थेट विकणाऱ्या कंपनीची सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि उरलेली जोडणी तुम्हाला करावी लागते. ती एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा.

आता पाच वर्षे आणि आयुष्यभर यांतील फरकाच्या आड येणारी आणखी एक गोष्ट सांगतो, जी विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही. माउंटन बाइकची मापे फार लवकर बदलतात. मागच्या धुरीची रुंदी १४२ मिलिमीटरवरून १४८ वर गेली ती २०१५ च्या आसपासच्या दोन-तीन हंगामांत; डिरेलर टांगण्याचा एकसमान हँगर २०१९ मध्ये आला आणि पाहता पाहता सगळीकडे पसरला; शॉकची मापे, बॉटम ब्रॅकेटचे प्रकार आणि सीटपोस्टचे व्यास ३०.९, ३१.६ आणि ३४.९ असे वेगवेगळे आहेतच. समजा, आयुष्यभराच्या वॉरंटीतून नवव्या वर्षी तुमचा दावा मान्य झाला. तुमचे मॉडेल तोवर बंद झालेले असणार, म्हणून कंपनी तिचे चालू मॉडेल देईल, आणि त्यावर तुमचे मागचे चाक, शॉक, ड्रॉपर सीटपोस्ट, कदाचित हेडसेटही बसणार नाही. नवी फ्रेम हातात असेल, पण तिला रस्त्यावर आणायला मोठी रक्कम लागेल. मिळालेल्या फ्रेमला मी कमी लेखत नाही. पण आयुष्यभराच्या वॉरंटीची किंमत करताना ही रक्कम त्यातून वजा करायला हवी.

आणि कंपनी तरी तोवर राहील का? हा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नसे. पण १९८१ पासून चालत आलेल्या रॉकी माउंटनला डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून कायदेशीर संरक्षण मागावे लागले, आणि थेट विक्रीत नाव कमावलेली वायटी इंडस्ट्रीज जुलै २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मालक बदलल्यावर जुन्या सायकलींच्या वॉरंट्या नवा मालक पाळेल की नाही, हे सर्वस्वी विक्रीच्या करारावर अवलंबून असते. वॉरंटी हे एका कंपनीचे आश्वासन आहे आणि त्याचे आयुष्य त्या कंपनीच्या आयुष्यापेक्षा मोठे असू शकत नाही. कायद्याने ग्राहकाला मिळणारे संरक्षण यापासून वेगळे असते. उदाहरणार्थ, युरोपीय संघात सदोष मालासाठी विक्रेता किमान दोन वर्षे जबाबदार असतो, मग कंपनीच्या पत्रकात काहीही लिहिलेले असो. तुमच्या देशातला नियम पाहून ठेवा.

तुमच्यासारख्या चालवणाऱ्याने वॉरंटीइतक्याच लक्षपूर्वक पाहावी अशी दुसरी योजना म्हणजे क्रॅश रिप्लेसमेंट, अर्थात पडून फ्रेम फुटल्यास ती सवलतीत देण्याची सोय. ९४ किलो वजनाचा आणि उड्या मारणारा माणूस बनावटीच्या दोषाने फ्रेम गमावण्यापेक्षा दगडावर आपटून ती गमावण्याची शक्यता मला कितीतरी अधिक वाटते. ही सवलत किती टक्के आहे, किती वर्षांपर्यंत आहे, आणि फक्त मागचा त्रिकोण सुटा मिळतो की पूर्ण फ्रेमच घ्यावी लागते, हे दोन्ही कंपन्यांना पत्र लिहून विचारा. त्याच पत्रात मागच्या त्रिकोणाची वॉरंटी किती, थकवा वगळलेला आहे का, फ्रेम कोणत्या वापर-वर्गात मोडते, वॉरंटीसाठी ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते का, आणि दावा मान्य झाल्यास पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा. उत्तर किती दिवसांत आणि किती स्पष्ट येते, त्यावरून दावा करायची वेळ आली तर काय अनुभव येईल याची कल्पना येईल. दुकान मध्ये नसण्याची उणीव यानेच भरून निघते किंवा उघडी पडते: चांगल्या दुकानदाराचा मोठा गुण हा असतो की तो ग्राहकाच्या वतीने कंपनीशी भांडतो, आणि थेट विक्रीत ते काम तुम्हाला स्वतः करावे लागेल.

थेट विकणाऱ्या कंपनीने या पत्राला सरळ उत्तर दिले, तिची फ्रेम चौथ्या वर्गातली असली आणि मागचा त्रिकोण सुटा मिळत असला, तर तीच सायकल घ्या. उत्तर गुळमुळीत आले किंवा आलेच नाही, तर पहिलीकडे वळा. तेव्हा जास्तीचे पैसे तुम्ही दुकानासाठी मोजत असाल आणि ते वाया जाणार नाहीत. अर्थात, हे सगळे दोन्ही सायकलींची मापे तुमच्या अंगाला सारखीच बसतात असे धरून लिहिले आहे. तसे नसेल, तर जी बसते ती घ्या आणि वॉरंटीचा विचार सोडा.

वापरलेल्या सायकलीबद्दल एवढेच की तिच्यासोबत आयुष्यभराची वॉरंटी येते असे मुळीच धरू नका. ती पहिल्या मालकाची होती; काही कंपन्या दुसऱ्या मालकाला मर्यादित मुदतीची वॉरंटी देतात, पण ते लेखी पाहिल्याशिवाय मानू नका, आणि विक्रेत्याने ‘दावा माझ्या नावाने करू’ असे सांगितले तर त्यावर व्यवहार करू नका. किंमत वॉरंटी नसल्याच्या हिशोबाने ठरवा. सायकल धुऊन ठेवायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. संरक्षक पट्ट्यांच्या कडा, डाउन ट्यूबचे पोट, हेड ट्यूबचा सांधा आणि चेनस्टेचा आतला भाग यांवरून विजेरी तिरकी धरून फिरवा. संशय आलेल्या जागी नाण्याने हलकेच वाजवत पुढे जा. धड कार्बनचा आवाज टणक येतो आणि थर सुटलेल्या जागी तो एकाएकी बोदा होतो, मात्र नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलत असल्याने दुसऱ्या बाजूची तीच जागा वाजवून ताडून पाहा. शेवटी शॉकचा एक बोल्ट काढून मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करा, म्हणजे पिव्हटमधला खडखडाट किंवा अडकाव कळेल. विक्रेता तो बोल्ट काढू देत नसेल, तर ती सायकल घेऊ नका.